नर्मदेच्या दोन काठांवरून : युद्धोत्तर माळव्याविषयीच्या काही रूढ समजांची फेरतपासणी

प्रास्ताविक

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकाचे जे चित्र आपल्या अध्यापनात रूढ झाले आहे, ते थोडक्यात असे सांगता येईल : १९४५ साली युद्ध संपले, १९४७ साली स्वातंत्र्य व फाळणी आली, १९४८ साली संस्थाने विलीन झाली आणि १९५० पासून नवा, एकसंध, नियोजनबद्ध भारत उभा राहिला. हे चित्र चुकीचे नाही. ते अपुरे आहे. दिल्ली, लाहोर आणि मुंबई येथून पाहिलेला काळ सर्वत्र तसाच होता असे त्यात गृहीत धरलेले असते. या गृहीतकाचा एक परिणाम वर्गात जाणवतो. मुस्लिम विद्यार्थ्याला आपल्या समाजाचा इतिहास १९४७ साली संपल्यासारखा वाटतो आणि इतरांना तो इतिहास पुढे कोठे गेला हे विचारण्याची गरज भासत नाही. म्हणून एका लहान ठिकाणाच्या आधारे या समजांची तपासणी करणे उपयुक्त ठरेल. ते ठिकाण म्हणजे नेमावर.

नेमावरचे स्थान

नेमावर हे नर्मदेच्या उत्तर काठावरचे, आजच्या देवास जिल्ह्यातील गाव. सिद्धनाथाचे प्राचीन मंदिर आणि नर्मदेचे 'नाभिस्थान' म्हणून त्याची ख्याती आहे. अकराव्या शतकात अल्-बेरुनीने धारहून दक्षिणेकडे जाणाऱ्या मार्गाचे वर्णन करताना नर्मदाकाठच्या या स्थळाची नोंद केली आहे. समोरच्या काठावरील हंडिया हे मोगल काळात उत्तरेकडून दख्खनकडे जाणाऱ्या वाटेवरचे ठाणे होते. मुल्ला दो-प्याजा यांची म्हणून सांगितली जाणारी कबर तेथेच दाखवतात. यात्रेकरू, व्यापारी आणि फौजा यांच्या दृष्टीने हे दोन काठ म्हणजे एकाच घाटाच्या दोन बाजू होत्या.

राज्यव्यवहाराच्या दृष्टीने मात्र नदी ही सरहद्द होती. उत्तर काठ होळकरांच्या इंदूर संस्थानात होता आणि नेमावर हे त्या संस्थानातील एका जिल्ह्याचे नाव होते. दक्षिण काठ ब्रिटिशांच्या मध्य प्रांतातील होशंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. नदी ओलांडली की कायदा, महसुलाची पद्धत व दप्तराची परिभाषा बदलत असे. युद्धोत्तर काळ या दोन काठांवर एकाच वेळी, पण एकाच प्रकारे आला नाही. पुढील विवेचनाचा हाच मुख्य धागा आहे.

पहिला समज : युद्ध संपले आणि नवे युग सुरू झाले

'युद्धोत्तर' हा शब्द युरोपच्या इतिहासलेखनातून आपल्याकडे आला. तेथे त्याला पुनर्रचना आणि भरभराट असा अर्थ चिकटला. भारतीय शहर-गावांत युद्धाची खरी खूण होती ती महागाई, धान्य-कापडाचे नियंत्रण आणि रेशनचे दुकान. मुंबईत रेशनिंग १९४३ साली सुरू झाले. युद्ध संपले तरी ते संपले नाही. गांधीजींच्या आग्रहानंतर १९४७च्या अखेरीस नियंत्रणे सैल झाली, भाव चढताच १९४८ साली ती परत आली, आणि रफी अहमद किडवाई हे केंद्रीय अन्नमंत्री असताना, म्हणजे १९५२ ते १९५४ या काळात, ती टप्प्याटप्प्याने उठली. सामान्य कुटुंबाच्या हिशेबाने युद्धाची सावली किडवाईंच्या कारकिर्दीपर्यंत पुरली असे म्हणावे लागते. धान्याची टंचाई दूर केल्याचे श्रेय ज्या मंत्र्याला दिले जाते, ते अवधमधील मुस्लिम राष्ट्रवादी नेते होते, हेही या संदर्भात सांगितले पाहिजे. फाळणीनंतर मुस्लिम नेतृत्व राष्ट्रीय जीवनातून बाजूला गेले असे सरसकट विधान करणाऱ्यांनी ही नोंद विचारात घ्यावी.

दुसरा समज : विलीनीकरणाने एका दिवसात सारे बदलले

२८ मे १९४८ रोजी ग्वाल्हेर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते मध्य भारत संघाचे उद्घाटन झाले. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख व इंदूरचे यशवंतराव होळकर उपराजप्रमुख झाले. एकाच गावात दोन गाद्या नांदवणारे देवास थोरली पाती आणि धाकटी पाती असे दोन्ही विलीन झाले. नेमावर आता मध्य भारतात आले. समोरचा काठ मात्र मध्य प्रांत व वऱ्हाडात, आणि १९५० पासून नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात राहिला. म्हणजे स्वतंत्र भारतातही १ नोव्हेंबर १९५६पर्यंत नर्मदा ही येथे दोन राज्यांची सीमा होती.

यातून एक विलक्षण स्थिती निर्माण झाली. मराठी राजवटीचा वारसा असलेल्या उत्तर काठावर मध्य भारताने हिंदीचा राजभाषा म्हणून स्वीकार केला. तर शतकभर इंग्रजांच्या ताब्यात असलेला दक्षिण काठ अशा राज्यात होता की जेथे १९५०च्या कायद्याने हिंदीबरोबर मराठीही राजभाषा होती. राज्यकर्त्यांची भाषा आणि राज्याची भाषा यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नसतो, हे येथे दिसते.

जमिनीच्या बाबतीतही दोन काठांची गती निरनिराळी होती. दक्षिणेकडे मालगुजारी होती आणि १९५०च्या कायद्यानुसार १९५१ साली ती संपली. उत्तरेकडे मध्य भारताने जमीनदारी व जागिरी रद्द करणारे कायदे केले. त्यांच्या शीर्षकात विक्रम संवत २००८ असे वर्ष घातलेले आहे. शीर्षकात विक्रम संवत आणि मजकुरात जागीर, जमीनदारी, खसरा, पटवारी हे फारसी-अरबी वळणाचे शब्द, असा हा दस्तऐवज आहे. नव्या राज्याने कालगणना बदलली. जमिनीची भाषा त्याला बदलता आली नाही. उर्दू-फारसी परंपरा मुशायऱ्यापुरतीच उरली असे मानणाऱ्यांनी तलाठ्याचे दप्तर उघडून पाहावे.

तिसरा समज : राजाश्रय गेला, कला ओसरली

होळकर क्रिकेट संघाचे उदाहरण बोलके आहे. मार्च १९४५मध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध इंदूरच्या सय्यद मुश्ताक अली यांनी दोन्ही डावांत शतके केली. महू छावणीत लष्करी सेवेत असलेले इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून नाबाद २४९ धावा काढून गेले. तरीही सामना मुंबईने जिंकला. त्यानंतर सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाखाली होळकर संघाने १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ असा चार वेळा करंडक मिळवला. यांपैकी शेवटची दोन विजेतेपदे संस्थान नकाशावरून गेल्यानंतरची आहेत. सरवटे, निंबाळकर, मुश्ताक अली ही नावे एका संघात स्वाभाविकपणे नांदत होती.

संगीतात हीच गोष्ट अधिक खोलवर दिसते. उस्ताद रजब अली खाँ (१८७४-१९५९) यांचे वास्तव्य देवासला होते. त्यांना १९५४ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे संस्थान गेल्यावर प्रजासत्ताकाने त्यांचा गौरव केला. त्यांचे पुतणे अमानत खाँ देवासवाले यांच्याकडे लता मंगेशकर शिकल्या. क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व १९४८च्या आरंभी हवापालटासाठी देवासला आले. त्यांच्या कानांवर पडलेली माळव्याची लोकगीते पुढे त्यांच्या गायकीचा भाग झाली. एका गावात एक वृद्ध उस्ताद आणि एक तरुण गायक अकरा वर्षे राहत होते. पहिल्याच्या मागे दरबाराची परंपरा होती, दुसऱ्यासमोर श्रोत्यांचे नवे जग होते. हा बदल अचानक तुटल्याचा नव्हे, हळूहळू हस्तांतराचा आहे.

साहित्यातही तेच. एकाच मराठी घरातील गजानन माधव मुक्तिबोध हिंदीतील मोठे कवी झाले, तर त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी 'क्षिप्रा' (१९५४) ही कादंबरी मराठीत लिहिली. मध्य प्रदेशाची नवी रचना झाल्यावर पाच वर्षांनी, १९६१ साली, कुसुमावती देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला भरले.

चौथा समज : सर्वत्र सलोखा, किंवा सर्वत्र वैर

वरील उदाहरणांवरून संस्थानी माळवा म्हणजे निखळ सलोख्याचा प्रदेश, असा उलट टोकाचा निष्कर्ष काढणे तितकेच चुकीचे ठरेल. गांधीजींच्या हत्येसाठी वापरलेले पिस्तूल ग्वाल्हेरहून मिळवलेले होते. १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हिंदू महासभेचे वि. घ. देशपांडे ग्वाल्हेर व गुना या दोन्ही मतदारसंघांतून लोकसभेवर निवडून आले. त्या काळी देशभर नेहरूप्रणीत एकमत होते, हा समज मध्य भारतात टिकत नाही. आकाशवाणीचे धोरण ठरवणारे मंत्री बा. वि. केसकर यांनी घराणेदार मुस्लिम गायकांच्या परंपरेवर केलेली टीकाही नोंदलेली आहे. दरबारातून सुटलेल्या कलावंताला आता ऑडिशनच्या परीक्षेतून जावे लागत होते. अकादमीचा पुरस्कार आणि ही टीका दोन्ही एकाच दशकातील, एकाच शासनाच्या काळातील आहेत. त्यांपैकी एकच सांगणे म्हणजे अर्धे सांगणे.

अध्यापनासाठी सूचना

या विवेचनातून शिक्षकाला तीन गोष्टी करता येतील. पहिली, कालखंडाची सीमा विद्यार्थ्यांकडून तपासून घेणे : १९४७ हीच तारीख पुरेशी आहे, की रेशन उठल्याचे, जागीर गेल्याचे आणि राज्यपुनर्रचनेचे वर्षही तितकेच महत्त्वाचे आहे? दुसरी, एकाच घटनेला दोन काठांवरून पाहणे : आपल्या जिल्ह्याच्या शेजारी १९४८पूर्वी संस्थानाची हद्द असल्यास दोन्हीकडच्या अनुभवांची तुलना करता येते. महाराष्ट्रात कोल्हापूर, सांगली, औंध, जंजिरा आणि हैदराबादच्या सरहद्दीवर अशी गावे विपुल आहेत. तिसरी, घरातील कागद वाचणे : जुनी शिधापत्रिका, सात-बारा, उर्दूतील निकाहनामा, मोडीतील खत. असे कागद विद्यार्थी आणतील तेव्हा मुस्लिम घरातील कागद आणि मराठा घरातील कागद एकाच टेबलावर येतील आणि त्यांतील अनेक शब्द समान असल्याचे विद्यार्थ्यांच्या आपोआप लक्षात येईल.

समारोप

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नेमावर आणि हंडिया एका राज्यात आले. नागपूर व विदर्भ त्याच दिवशी मुंबई राज्यात गेले. नकाशावरची नदीतील रेषा पुसली गेली. दप्तर, भाषा, गाणे आणि आठवणी यांतील रेषा मात्र त्या दिवशी ना उमटल्या ना पुसल्या गेल्या. शतकाच्या मध्यावरील समाजाला 'अंत' किंवा 'आरंभ' अशा एका शब्दात बसवण्याऐवजी काय संपले, काय टिकले आणि काय दुसऱ्याच्या हाती गेले, असे तीन प्रश्न विचारले तर तो समाज अधिक खरा दिसेल. त्या चित्रात मुस्लिम विद्यार्थ्याला आपले पूर्वज १९४७नंतरही काम करताना, गाताना, खेळताना आणि मतदान करताना आढळतील. इतिहासाच्या तासाचे हे किमान कर्तव्य आहे.