नॉर्वेच्या प्रवासाची आखणी

युरोप खंडाच्या वायव्य कडेस, अटलांटिक महासागराला लागून, एक लांबच लांब देश पसरलेला आहे. त्याचे नाव नॉर्वे. दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत त्याची लांबी सरळ रेषेत मोजली तरी सुमारे १,७५० किलोमीटर भरते. रुंदी मात्र एके ठिकाणी अवघी सहा-सात किलोमीटर आहे. नकाशात या देशाच्या दक्षिण टोकावर टाचणी टोचून तो खालच्या बाजूस फिरवला, तर त्याचे उत्तर टोक इटलीतील रोम शहराच्या आसपास जाऊन पोहोचेल! एवढ्या मोठ्या देशाची लोकसंख्या मात्र सुमारे ५५ लाखच आहे.

नॉर्वेचा समुद्रकिनारा, तेथील पर्वत आणि धबधबे पाहण्यासाठी जगाच्या सर्व भागांतून प्रवासी येतात. परंतु दहा-बारा दिवसांत सारा देश पाहून टाकू, अशा उमेदीने निघालेल्या प्रवाशाचे बहुतेक दिवस वाहनात बसूनच सरतात. म्हणून येथे काय पाहावे याबरोबरच काय सोडावे, हेही निघण्यापूर्वीच ठरवावे लागते. आणि ते ठरवण्यासाठी त्या देशाचा भूगोल प्रथम समजून घ्यावा लागतो.

नॉर्वेच्या नकाशाकडे पाहिले, की पश्चिम किनारा फाटलेल्या वस्त्राच्या कडेसारखा दिसतो. समुद्राचे चिंचोळे फाटे पर्वतांच्या पोटात दूरवर शिरलेले आहेत. त्यांना ‘फियॉर्ड’ म्हणतात. हे फाटे कसे निर्माण झाले? लक्षावधी वर्षांच्या काळात हिमयुगे वारंवार आली. त्या वेळी या भागावर बर्फाचे प्रचंड थर साचत. हे बर्फ आपल्याच भाराने हळूहळू समुद्राकडे सरके. सरकताना ते तळचे खडक खरवडून काढी आणि नद्यांच्या दऱ्या अधिकाधिक खोल व रुंद करी. पुढे हवामान उबदार झाले, बर्फ वितळले आणि त्या खोल दऱ्यांत समुद्राचे पाणी भरले. सोग्नेफियॉर्ड हा नॉर्वेतील सर्वांत लांब फियॉर्ड २०० किलोमीटरहून अधिक आत गेलेला असून, त्याची खोली काही ठिकाणी सुमारे १,३०० मीटर आहे. समुद्राकडील तोंडापाशी मात्र तो बराच उथळ आहे. कारण तेथे बर्फाचा जोर ओसरलेला असे. असे सारे फाटे आणि किनाऱ्यावरील असंख्य बेटे जमेस धरली, तर नॉर्वेच्या किनाऱ्याची एकूण लांबी १ लाख किलोमीटरहूनही अधिक होते.

या रचनेचा प्रवासावर मोठा परिणाम होतो. दोन गावे समोरासमोरच्या काठांवर वसलेली असतात. एकातून दुसऱ्यातील घरे स्पष्ट दिसतात. तरीही एकातून दुसऱ्यात जाण्यासाठी फेरीबोटीची वाट पाहावी लागते, किंवा डोंगराला मोठा वळसा घालावा लागतो. काही ठिकाणी डोंगर पोखरून बोगदे काढलेले आहेत. ओस्लो आणि बर्गेन या शहरांमधील हमरस्त्यावर २००० साली खुला झालेला लॅर्डाल बोगदा साडेचोवीस किलोमीटर लांब आहे. वाहन चालवणाऱ्यास कंटाळा येऊन झापड येऊ नये म्हणून त्यात मधूनमधून प्रशस्त गुहा कोरून तेथे निळ्या प्रकाशाची योजना केलेली आहे. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल, की नॉर्वेत अंतर किलोमीटरांत मोजून भागत नाही. ते तासांत मोजावे लागते.

दुसरा प्रश्न ऋतूचा. पृथ्वीचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडील प्रदेशात उन्हाळ्यात काही काळ सूर्य मावळतच नाही आणि हिवाळ्यात काही काळ उगवतच नाही. उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सो या शहरी सुमारे २० मेपासून २२ जुलैपर्यंत मध्यरात्रीही सूर्य क्षितिजावर असतो. याउलट, नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तेथे सूर्यदर्शन घडत नाही. दुपारच्या सुमारास काही वेळ संधिप्रकाश पसरतो, एवढेच.

हिवाळ्यातील अंधाराचीही एक शोभा आहे. स्वच्छ रात्री आकाशात हिरव्या, क्वचित तांबूस प्रकाशाचे पडदे हेलकावताना दिसतात. हाच ध्रुवीय प्रकाश. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवप्रदेशांकडे वळतात आणि उंचावरील हवेच्या कणांवर आदळतात. त्यामुळे हा प्रकाश उत्पन्न होतो. क्रिस्टियन बिर्केलँड या नॉर्वेच्याच शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत पृथ्वीऐवजी एक चुंबकित गोळा घेऊन असा प्रकाश निर्माण करून दाखवला होता. मध्यरात्रीचा सूर्य पाहायचा असेल तर उन्हाळ्यात जावे लागते. ध्रुवीय प्रकाश पाहायचा असेल तर काळोख्या रात्रींच्या दिवसांत जावे लागते. एकाच सफरीत दोन्ही साधत नाहीत. तेव्हा प्रवाशाने यांपैकी एकाची निवड केलीच पाहिजे.

इतक्या उत्तरेकडील देशात समुद्र गोठत कसा नाही, असे कोणासही वाटेल. अटलांटिक महासागरातून येणारा उबदार पाण्याचा प्रवाह नॉर्वेच्या किनाऱ्याने वाहतो. म्हणून तेथील बंदरे भर हिवाळ्यातही खुली राहतात. समुद्रावरून येणारे ओलसर वारे पर्वतांना अडतात आणि पश्चिम किनाऱ्यावर विपुल पाऊस पडतो. बर्गेन शहरात वर्षाकाठी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो आणि वर्षातील निम्म्याहून अधिक दिवस पावसाचे असतात. उन्हाळ्यात जाणाऱ्यानेही सामानात प्रथम ठेवावयाची वस्तू म्हणजे पावसापासून रक्षण करणारा अंगरखा होय.

ऋतू ठरला, की मार्ग ठरवता येतो. बहुतेक प्रवासी राजधानी ओस्लोपासून आरंभ करतात. तेथील एका संग्रहालयात ‘फ्राम’ नावाचे जहाज जपून ठेवलेले आहे. १८९३ साली फ्रिड्ट्यॉफ नान्सेन या संशोधकाने हे जहाज मुद्दाम ध्रुवसमुद्राच्या बर्फात अडकू दिले आणि तीन वर्षे ते बर्फाबरोबर वाहत राहिले. बर्फाचा दाब पडताच जहाज चिरडून न जाता वर उचलले जावे, अशा बेताने त्याचा तळ गोलसर बांधलेला होता. पुढे याच जहाजाने रोआल अमुंडसेन दक्षिणेकडे गेला आणि १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचला.

ओस्लोहून बर्गेनला जाणारा लोहमार्ग १९०९ साली पूर्ण झाला. या प्रवासास सुमारे सात तास लागतात. गाडी हिरव्या दऱ्या मागे टाकून उघड्या पठारावर चढते. फिन्से हे स्थानक समुद्रसपाटीपासून १,२२२ मीटर उंचीवर आहे आणि तेथे उन्हाळ्यातही आसपास बर्फ दिसते. पुढे मिर्डाल येथे उतरून फ्लॉम गावाकडे जाणारी छोटी गाडी धरावी. हा लोहमार्ग केवळ २० किलोमीटरांचा आहे; पण तेवढ्यात तो ८६० मीटरांहून अधिक खाली उतरतो. त्यावर २० बोगदे असून त्यांपैकी १८ मजुरांनी हातांनी खोदले. फ्लॉमहून बोटीने नॅरॉयफियॉर्डमधून जाता येते. येथे एके ठिकाणी पाण्याची रुंदी अवघी २५० मीटर आहे आणि दोन्ही बाजूंस उंच कडे उभे आहेत. बोटीच्या धुराने ही हवा दूषित होऊ नये म्हणून २०१८ पासून या मार्गावर विजेवर चालणारी बोटही सोडण्यात आली आहे. बोटीतून उतरल्यावर बस व आगगाडी यांनी बर्गेन गाठता येते. तेथील धक्क्यावर जुन्या व्यापाऱ्यांच्या लाकडी इमारतींची रांग आहे. १७०२ च्या आगीनंतर त्या पूर्वीच्याच धर्तीवर पुन्हा उभारण्यात आल्या.

ज्यांच्यापाशी आणखी आठवडाभराचा अवधी असेल, त्यांना बर्गेनहून जहाजाने उत्तरेकडे जाता येते. या जलमार्गाची कथा मोठी उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकात ट्रोंडहाइमहून उत्तरेकडील हामरफेस्टला पत्र पोहोचण्यास उन्हाळ्यात तीन आठवडे आणि हिवाळ्यात पाच महिनेही लागत. आजाऱ्याची खबर, मासळीचे भाव, परगावी गेलेल्या मुलाची खुशाली, सारेच महिनेन् महिने वाटेत राही. ट्रोंडहाइमच्या उत्तरेस त्या काळी केवळ २८ दीपगृहे होती. त्यामुळे हिवाळ्याच्या अंधारात खडकाळ किनाऱ्याने जहाज नेण्यास कोणी धजत नसे. सरकारने जहाज कंपन्यांना विचारले, तेव्हा बहुतेकांनी हे काम अशक्य ठरवले.

रिचर्ड विथ नावाच्या कप्तानाने मात्र ते पत्करले. हे धाडस आंधळे नव्हते. तो व त्याचा सहकारी आंडेर्स होल्टे यांनी पूर्वीच्या फेऱ्यांत जहाजाची दिशा, वेग आणि प्रत्येक टप्प्यास लागलेला वेळ यांची काटेकोर नोंद ठेवली होती. पुढचे काही दिसत नसले, तरी होकायंत्र, घड्याळ आणि ही नोंदवही यांच्या आधारे जहाज चालवता येईल, अशी त्यांची खात्री झाली होती. २ जुलै १८९३ रोजी सकाळी ‘वेस्टेरोलेन’ ही आगबोट ट्रोंडहाइमहून निघाली आणि ६७ तासांनी हामरफेस्टला पोहोचली. नान्सेनचे ‘फ्राम’ जहाजही त्याच उन्हाळ्यात याच किनाऱ्याने उत्तरेकडे चालले होते. विथने सुरू केलेली ही जलद वाहतूक आजही चालू आहे. बर्गेनपासून रशियाच्या सीमेजवळील किर्केनेसपर्यंत जहाजे ३४ बंदरांना लागत जातात आणि प्रवाशांबरोबर मालही नेतात.

या मार्गावर ध्रुववृत्त ओलांडल्यावर लोफोटेन बेटांचे टोकदार पर्वत समुद्रातून उगवल्यासारखे दिसू लागतात. हिवाळ्यात बॅरेंट्स समुद्रातील कॉड मासे अंडी घालण्यासाठी येथे येतात. कोळी ते पकडून लाकडी मांडवांवर टांगतात. मीठ न लावता केवळ थंड वाऱ्याने ती मासळी वाळते. कोळ्यांच्या मुक्कामासाठी पाण्याच्या काठी बांधलेल्या तांबड्या झोपड्या आता प्रवाशांनाही भाड्याने मिळतात.

नॉर्वेच्या डोंगरांत कोणासही मोकळेपणाने फिरण्याचा हक्क आहे. ही जुनी चाल १९५७ साली कायद्यात नोंदवण्यात आली. रानात तंबू ठोकता येतो. मात्र तो वस्तीच्या घरापासून निदान १५० मीटर दूर असावा आणि रानाची नासधूस होऊ नये. हा हक्क मोठा आहे, तसा तेथील डोंगरही मोठा कठोर आहे. १९६७ च्या ईस्टरच्या सुट्टीत वादळी हवामानामुळे १८ माणसांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर डोंगरात वागण्याच्या नऊ नियमांचा देशभर प्रसार करण्यात आला. निघण्यापूर्वी बेत आखावा व आपण कोणत्या वाटेने जाणार ते कोणाला तरी सांगून ठेवावे. हवामानाचा अंदाज पाहावा. नकाशा व होकायंत्र जवळ बाळगावे, असे ते नियम आहेत. वेळीच मागे फिरावे, त्यात लाज मानू नये, हाही त्यांतलाच एक नियम आहे. तेथील मुलांना हे नियम लहानपणापासून शिकवले जातात.

म्हणून नॉर्वेच्या सफरीचे टिपण करताना ओस्लो, लोहमार्ग, फियॉर्ड, बर्गेन आणि जमल्यास उत्तरेकडील जलमार्ग अशी ठिकाणे क्रमाने मांडावीत. प्रत्येकापुढे अंतर न लिहिता लागणारे तास लिहावेत. फेरीबोटींच्या व गाड्यांच्या वेळा ताडून पाहाव्यात. आणि अखेरीस एक-दोन दिवस रिकामे सोडावेत. समुद्र खवळला, बोट निघाली नाही किंवा शिखरावर धुके उतरले, तर तेच दिवस उपयोगी पडतात. आणि हवा निर्मळ राहिली, तर पाण्याकाठी स्वस्थ बसून समोरचे कडे न्याहाळण्यासही तेच दिवस कामी येतात.