बदललेली निवड आणि तिचे समर्थन

आपण एखादी गोष्ट का निवडली हे निवडणाऱ्याला ठाऊक असते आणि विचारल्यास तो ते सांगू शकतो, असे घरगुती व्यवहारापासून मतचाचण्यांपर्यंत सर्वत्र गृहीत धरले जाते. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये या गृहीतकाला हादरा दिला. त्यांनी हुबेहूब सारख्या पायमोज्यांचे चार जोड ओळीने मांडले, तेव्हा लोकांनी उजव्या टोकाचा जोड सर्वाधिक पसंत केला. मात्र जागेचा आपल्यावर परिणाम झाला असेल, ही शक्यता जवळपास सर्वांनी नाकारली.

स्वीडनमधील लुंड विद्यापीठाचे पेटर योहानसन, लार्स हॉल आणि त्यांचे सहकारी याच्या पुढे गेले व त्यांनी निवडच बदलून पाहिली. २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात १२० जणांना स्त्रियांच्या छायाचित्रांच्या १५ जोड्या दाखवून प्रत्येक जोडीतील अधिक आकर्षक चेहरा निवडायला सांगितले गेले आणि काही निवडींचे कारणही विचारले गेले. तीन जोड्यांच्या वेळी प्रत्येक छायाचित्रामागे दुसऱ्या चेहऱ्याचे छायाचित्र दडवलेले असे, त्यामुळे जादूगाराच्या हातचलाखीने निवडणाऱ्याच्या हाती त्याने नुकताच नाकारलेला चेहरा येई. यांपैकी जेमतेम १३ टक्के अदलाबदली त्या क्षणी लक्षात आल्या. आपल्याच निवडीत झालेला बदल ध्यानात न येण्याच्या या प्रवृत्तीला संशोधकांनी ‘निवड-अंधत्व’ म्हटले.

बदल लक्षात आला नाही, एवढ्यावरच हे संपत नाही. एकाने कानातल्यांची आवड हे आपल्या पसंतीचे कारण सांगितले, पण त्याने मुळात निवडलेल्या स्त्रीच्या कानांत काहीच नव्हते. ते कारण निवडीच्या क्षणी असणेच शक्य नव्हते, तर हातातील छायाचित्राकडे पाहून ते तिथल्या तिथे तयार झाले होते. शिवाय अशी उत्तरे आणि खऱ्या निवडींबाबत दिलेली उत्तरे यांच्या तपशिलात, भावनेत किंवा ठामपणात फारसा फरक आढळला नाही, आणि या प्रयोगातील सर्वांत गंभीर बाब हीच मानायला हवी.

चेहऱ्यांची पसंती ही क्षुल्लक बाब आहे, या आक्षेपाला २०१२ मधील एका अभ्यासाने उत्तर दिले. त्यात १६० जणांनी नैतिक प्रश्नांवरील विधानांशी आपण किती सहमत आहोत हे कागदावर आकड्यांत नोंदवले. पहिल्या पानावरील काही विधाने वेगळ्या पट्टीवर छापून हलकेच चिकटवलेली होती. पान उलटून लेखनफळीच्या मागे गेले की तेथील गोंदाला ती पट्टी चिकटून निघे आणि खाली नेमका उलट अर्थाचा मजकूर उघडा पडे. आकडे स्वतःच्या हातचे, पण मत उलटलेले, अशा अवस्थेत बदललेल्या दोन विधानांपैकी निदान एक तरी सुमारे ६९ टक्के लोकांनी आपलेच म्हणून स्वीकारले, आणि अनेकांनी मूळ मताच्या विरुद्ध बाजूने सुसंगत युक्तिवादही केला.

याला अप्रामाणिकपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. दैनंदिन जीवनात निवडलेली वस्तू गुपचूप बदलली जाण्याचे प्रसंग विरळाच असल्यामुळे, हातात आले ते आपणच निवडले असे मानून चालणे एरवी सोयीचे असते. या अंधत्वाची लोकांना कल्पनाही नसते: चेहऱ्यांच्या प्रयोगात ज्यांना एकही अदलाबदल कळली नव्हती त्यांच्यापैकी ८४ टक्के लोकांना, अशी फसवणूक झाली तर आपल्याला ती नक्कीच कळेल, असे वाटत होते.

पुढील प्रयोगांत तीच जोडी पुन्हा समोर आल्यावर, ज्यांच्या हाती आधी नाकारलेला चेहरा दिला गेला होता ते आता तोच चेहरा अधिक वेळा निवडू लागल्याचे दिसले. त्यामुळे मतचाचणीतील उत्तराची नोंद चुकीची झाली आणि ती उत्तर देणाऱ्याला वाचून दाखवली गेली, तर ती चूक कागदावरच राहील याची खात्री देता येत नाही. कालांतराने ती त्या व्यक्तीची खरीखुरी पसंती होऊ शकते.