रात्रपाळीला किती जण?

वृद्धाश्रमात एखाद्या आजींना मारहाण झाल्याची किंवा आजोबांना तासन्‌तास ओल्या कपड्यांत ठेवल्याची बातमी येते, तेव्हा चर्चा दोनच माणसांभोवती फिरते: आईवडिलांना तिथे ठेवणारी मुलं आणि हात उगारणारी आया. मुलांना कृतघ्न म्हणून होतं, आयेवर गुन्हा दाखल होतो, कॅमेरे बसवण्याची मागणी होते आणि विषय मिटतो. गुन्हा करणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण त्या रात्री त्या आयेकडे किती जणांना सांभाळायचं होतं, ती किती तास सलग जागी होती, महिन्याकाठी तिच्या हातात किती पडत होते आणि हे काम तिला कुणी शिकवलं होतं का, याची चौकशी सहसा होत नाही. माझं म्हणणं असं की म्हाताऱ्या माणसाची निगा कशी राखली जाईल, हे मुख्यतः याच प्रश्नांच्या उत्तरांवर ठरतं. त्याचा फार सविस्तर पुरावा ऑस्ट्रेलियाने स्वतःचीच चौकशी करून जगापुढे ठेवला आहे.

ॲडलेडमधलं ओकडन हे सरकारी केंद्र तिथल्या वृद्धांचे हाल उघड झाल्यावर 2017 मध्ये बंद झालं. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारने वृद्धसेवेच्या चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमलं. लोकांकडून दहा हजारांहून अधिक निवेदनं आली. मार्च 2021 मध्ये अंतिम अहवाल निघाला आणि त्यात 148 शिफारशी होत्या. निवासी वृद्धसेवेतल्या तीनपैकी किमान एका माणसाला निकृष्ट सेवा मिळत असल्याचा आयोगाचा निष्कर्ष होता. हा सधन देश आहे. तिथे या केंद्रांना सरकारी अनुदान मिळतं आणि तपासणीही होते, तरी ही स्थिती. आयोगासाठी वुलाँगाँग विद्यापीठाने केलेल्या अभ्यासात आढळलं की 57.6 टक्के वृद्ध अशा केंद्रांत राहत होते, जिथे कर्मचाऱ्यांची संख्या मान्य करता येईल त्या पातळीच्याही खाली होती. क्रूर माणसं सगळीकडेच थोडी असतात. निम्म्याहून अधिक वृद्ध राहतात त्या केंद्रांत माणसंच अपुरी असतील, तर दोष माणसं नेमण्याच्या आणि पैसे वाटण्याच्या पद्धतीत शोधावा लागतो.

माणसं कमी असली की नेमकं काय बिघडतं, हे समजून घ्यायला साधा हिशेब पुरतो. गिळायला त्रास होणाऱ्या माणसाला नीट भरवायचं तर अर्धा तास लागतो. एका मावशीकडे असे दहा जण सोपवले तर नुसत्या दुपारच्या जेवणाला पाच तास हवेत. तेवढे नसतातच, मग घास घाईने तोंडात जातो. त्याचे कण श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. नाहीतर ताट अर्धवट परत जातं आणि माणूस हळूहळू वाळत जातो. अंथरुणाला खिळलेल्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. रात्री वीस खाटांमागे एकच मावशी असेल तर तिला ते जमणार नाही, आणि काही दिवसांत पाठीवर, माकडहाडाशी बेडसोर दिसू लागतात. ज्याला आधार देऊन संडासापर्यंत नेता आलं असतं त्याला डायपर लावला जातो, कारण नेण्याआणण्यात पंधरा मिनिटं जातात. सगळ्यात वाईट म्हणजे गोंधळलेल्या, रात्री उठून फिरणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला शामक औषध देऊन झोपवून ठेवलं जातं. अशा औषधांचा अतिवापर तातडीने थांबवा, असं आयोगाने 2019 च्या अंतरिम अहवालातच बजावलं होतं. यातल्या बहुतेक गोष्टी दुष्टपणाने घडत नाहीत. हाताशी असलेल्या वेळात सगळी कामं उरकण्याचा उरलेला एकमेव मार्ग म्हणून त्या घडतात आणि मग तीच तिथली रीत होऊन बसते.

कोविडने हे आणखी उघडं केलं. 2020 मध्ये ऑस्ट्रेलियात कोविडने दगावलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश माणसं वृद्धसेवा केंद्रांत राहणारी होती. तिथले अनेक कर्मचारी तासांच्या बोलीवर नेमलेले. एका ठिकाणच्या कमाईत भागत नसल्याने ते दोन-तीन केंद्रांत काम करत, आणि आजारपणाची पगारी रजा नसलेला माणूस अंगात कणकण असतानाही कामावर येत असे. संसर्गाला एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात जायला ही वाट आयती मिळाली. लाट ऐन भरात असताना, जुलै 2020 मध्ये, त्या देशाच्या कामगार न्यायाधिकरणाला पगारी साथरजेचा आदेश काढावा लागला.

उपायही याच दिशेने झाले. न्यायाधिकरणाने मान्य केलं की बायकांचं काम म्हणून या कामाचं मोल आजवर कमी धरलं गेलं. 30 जून 2023 पासून प्रत्यक्ष सेवा करणाऱ्यांच्या वेतनात 15 टक्के वाढ झाली आणि तिच्यासाठी सरकारने चार वर्षांत 11.3 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरची तरतूद केली. प्रत्येक निवासी केंद्रात चोवीस तास नोंदणीकृत नर्स असण्याचा नियम जुलै 2023 मध्ये आला. ऑक्टोबर 2024 पासून दरमाणशी दररोज सरासरी 215 मिनिटांची सेवा अपेक्षित आहे. त्यातली 44 मिनिटं नोंदणीकृत नर्सची.

यावर पहिला आक्षेप आपल्याकडे हमखास घेतला जातो: सेवाभाव पैशाने विकत मिळत नाही. खरं आहे. पण सेवाभाव असलेली बाई पगार परवडत नाही म्हणून सहा महिन्यांत काम सोडून गेली, तर तिचा सेवाभाव तिच्याबरोबर जातो. अमेरिकेत किमान वेतन वाढलं तिथल्या नर्सिंग होम्सचा अर्थतज्ज्ञ क्रिस्टा रफिनी यांनी अभ्यास केला. कर्मचारी जास्त टिकले, तपासणीत सापडणारे दोष कमी झाले, बेडसोर आणि मृत्यूही घटले. ओळखीचा हात असला की आजोबा कुठल्या कुशीवर झोपतात, कोणत्या कानाने ऐकतात, आज नेहमीपेक्षा गप्प का आहेत, हे कळतं. ते दर महिन्याला बदलणाऱ्या आयेला कळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एका जागेवर चोवीस तास माणूस हवा तर आठ तासांच्या तीन पाळ्या लागतात, आणि आठवडी सुट्ट्या व रजा धरल्या तर चार जण. बारा तासांच्या ड्युटीत तेच काम दोघींवर भागवता येतं. म्हणजे नियमाने चालणाऱ्या वृद्धाश्रमाचा पगारखर्च वाढणार, फी वाढणार आणि मध्यमवर्गीय कुटुंबाला ती झेपणार नाही. हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र आज फी कमी ठेवताना उरलेली किंमत बारा तास राबणारी बाई स्वतःच्या झोपेतून आणि पाठदुखीतून चुकवते आहे, आणि पुढे तुमची आई तिच्या पाठीवरच्या जखमेतून. हा भार सार्वजनिक पैशातून उचलायला हवा. धर्मादाय देणाऱ्यांनीही यात लक्ष घालावं. पुण्याच्या ‘निवारा’सारख्या एकोणिसाव्या शतकातल्या संस्थेपासून आपल्याकडे वृद्धांसाठी दान देण्याची परंपरा आहे. पण खोलीला नाव द्यायला, सणाचं जेवण घालायला देणगीदार चटकन मिळतात, रात्रपाळीच्या पगारासाठी पुढे येणारे विरळाच.

मिनिटं मोजून माया मोजता येत नाही, हा आक्षेपही बरोबर आहे, आणि मोजमापातून पळवाटा निघतातच. ऑस्ट्रेलियात पदविकाधारक नर्सेसचा वेळ त्या 44 मिनिटांत धरला जात नसल्याने काही ठिकाणी त्यांच्या जागा कमी झाल्या. शेवटी त्या मिनिटांपैकी दहा टक्क्यांपर्यंत तो धरण्याची मुभा द्यावी लागली. नियम दुरुस्त करता येतो. नियमच नसेल तर दुरुस्त काय करणार?

आपल्याकडे नेमकी तीच अडचण आहे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान 150 निराधार वृद्धांची सोय असलेला आश्रम राज्य सरकार काढू शकेल, असं म्हटलं आहे. त्या 150 जणांमागे रात्री किती माणसं जागी असावीत, याचा आकडा कायद्यात नाही. वृद्धसेवा केंद्रांची आणि घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी व किमान दर्जा ठरवू पाहणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, पण मंजूर न होता 2024 मध्ये त्या लोकसभेबरोबरच ते निकालात निघालं. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या अंदाजानुसार 2050 पर्यंत देशात पाचातला एक जण साठी ओलांडलेला असेल. मुलं परगावी, परदेशी आणि घरात सांभाळणारंही म्हातारं, अशी घरं महाराष्ट्रातल्या गावागावांत आहेत. कुटुंबाने सांभाळावं असं सांगून हा प्रश्न टाळता येणार नाही.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर आईवडिलांसाठी जागा पाहायला जाल तेव्हा बाग, देवघर आणि जेवणाचा तक्ता पाहून परत फिरू नका. रात्रपाळीला किती जण असतात आणि किती खाटांमागे, हे विचारा. सगळ्यात जुनी मावशी किती वर्षं तिथे आहे, तिला आठवड्याची सुट्टी मिळते का, तिच्या सुट्टीत कोण येतं, पगार थेट तिच्या खात्यात जमा होतो की माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून कापून येतो, हेही विचारा. जो चालक याची सरळ उत्तरं देत नाही, त्याच्याकडे आईला ठेवू नका.