बियाण्यापुरती ओल

पाच किलो दाणे आणि एक हेक्टर रान. पुसा हायड्रोजेलची शिफारस एवढीच आहे, हेक्टरी अडीच ते पाच किलो. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत (तिलाच पुसा म्हणतात) तयार झालेला हा पदार्थ शुद्ध पाण्यात आपल्या वजनाच्या किमान ३५० पट पाणी धरतो. आकडा ऐकून कोणीही थक्क होईल. पण गुणाकार पुरा करून पाहावा. पाच किलो गुणिले ३५० म्हणजे १,७५० लिटर. हेक्टरभर रानात एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. म्हणजे सगळं जेल तुडुंब भरलं तरी त्यात पाव मिलिमीटर पाऊसही मावत नाही; आणि ऐन वाढीतलं पीक कडक उन्हाच्या एका दिवसात चार-पाच मिलिमीटर पाणी उडवून टाकतं.

‘शेतात पुरलेलं तळं’ अशा थाटाची जाहिरात करणाऱ्यांना हा हिशेब अडचणीचा आहे. मात्र त्यावरून हायड्रोजेल कुचकामी ठरवायची घाईही नको. हिशेब हेक्टरावरून काढून पेरणीच्या तासावर, म्हणजे ओळीवर, आणला की चित्र पार बदलतं.

सोयाबीन ४५ सेंटिमीटर अंतरावर पेरलं तर एका हेक्टरात सगळ्या तासांची मिळून लांबी बावीस हजार मीटरच्या वर जाते. पाच किलो दाणे त्यांत वाटले की मीटरला पाव ग्रॅमपेक्षा थोडे कमीच येतात. शुद्ध पाण्यात ते ऐंशी मिलिलिटरच्या आसपास पाणी धरतील. माती आणि क्षार यांचा अडसर लक्षात घेऊन त्याचा तिसरा हिस्साच धरू, पंचवीस मिलिलिटर. एका मीटरात वीसेक बिया पडतात, म्हणजे एका बीच्या वाट्याला मिलिलिटरभर पाणी. सोयाबीनची बी शंभर-सव्वाशे मिलिग्रॅम वजनाची. उगवायला तिला आपल्या वजनाच्या निम्म्याइतकं पाणी शोषावं लागतं, म्हणजे साठेक मिलिग्रॅम. आणि शेजारी आहे हजार मिलिग्रॅम. ते सगळं बीला मिळत नाही, भोवतालची कोरडी माती आपला वाटा ओढून घेते, काही हवेत जातं. तरीही पेरणीनंतर पावसाने आठवडाभर दडी मारली तर एवढी ओल बीला कोंब येऊन मूळ खाली उतरेपर्यंत साथ देऊ शकते. उभं पीक पोसण्याची ताकद तिच्यात नाही. दुबार पेरणी टळण्याची शक्यता मात्र आहे, आणि बियाणं, खत, मजुरी दोनदा मोजलेल्या माणसाला त्याचं मोल समजावून सांगावं लागत नाही.

म्हणूनच दाणे कुठे पडतात, याला किती टाकले यापेक्षा जास्त महत्त्व आहे. हेक्टरभर जमिनीचा वरचा पंधरा सेंटिमीटरचा थर वीस लाख किलोच्या घरात जातो. त्यात पाच किलो काहीही फोकून टाकलं तर ते हरवणारच. पुशाची पद्धत अशी आहे: दाणे दहापट कोरड्या बारीक मातीत मिसळायचे आणि पेरणीच्या आधी उघडलेल्या सरीत, बियाण्याच्या पट्ट्यातच सोडायचे. माती कोरडीच हवी, कारण ओलसर हात लागला तरी दाणे एकमेकांना चिकटून गुठळी होते आणि पाभरीच्या नळीतून खाली उतरत नाही. भाजीपाल्याच्या रोपांसाठी याहून सोपा मार्ग आहे. थोडे दाणे पाण्यात फुगवून त्याचा लगदा करायचा, लावणीच्या वेळी रोपांची मुळं त्यात बुडवायची आणि तशीच खड्ड्यात ठेवायची. काही दिवसांनी असं रोप हलक्या हाताने उपटून पाहिलं तर पारदर्शक कण मुळांना लोंबकळताना दिसतात. तंतुमुळं नुसती चिकटलेली नसतात, कणांच्या आत शिरलेली असतात.

हे दाणे पाणी धरतात कसे, ते पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन पेले घ्यावेत. एकात पावसाचं पाणी, दुसऱ्यात बोअरचं. दोन्हींत पाव-पाव चमचा दाणे टाकून तास-दोन तास थांबावं. पावसाच्या पाण्यातले दाणे फुगून काचेसारखे स्वच्छ गोळे होतात, पेला कलंडला तरी सांडत नाहीत. बोअरच्या पाण्यातले फुगतात, पण कमी. आता पहिल्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकून ढवळावं. फुगलेला गोळा डोळ्यांदेखत आकसतो आणि धरलेलं पाणी सोडून देतो.

आतली रचना अशी आहे. लांबच लांब रेणूंच्या साखळ्या, ठिकठिकाणी एकमेकींना गाठी मारून बांधलेल्या. साखळ्यांवर ऋण भार असतात. पाणी आत शिरलं की भार मोकळे होऊन एकमेकांना दूर लोटतात, जाळं ताणलं जातं, आणखी पाणी आत येतं. शेवटी गाठी जेवढं ताणू देतील तेवढ्यावर हे थांबतं. १९७४ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणारे पॉल फ्लोरी यांनी बहुवारिकांच्या, म्हणजे अशा लांब साखळ्यांच्या, फुगण्याचं हे गणित मांडलं. बाहेरच्या पाण्यात क्षार असले की ओढ कमी पडते. त्यातही कॅल्शियम वाईट, कारण त्याच्यावर दोन धन भार असतात आणि तो दोन साखळ्यांना एकदम पकडून जाळं आवळतो. मराठवाड्यात, सोलापूर-नगरकडे चुनखडीची रानं किती आहेत हे ज्याला ठाऊक आहे, त्याने पिशवीवरचा ३५० किंवा ४०० पटीचा आकडा तसाच्या तसा धरू नये. आपल्या विहिरीच्या पाण्यात दाणे किती फुगतात, तोच आपला आकडा.

या वस्तूचा जन्म पाण्याच्या टंचाईतून झालेला नाही, मक्याच्या सुकाळातून झाला. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात पिओरिया इथे तिथल्या कृषी खात्याची मोठी प्रयोगशाळा आहे. दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिनचं उत्पादन वाढवण्याची वाट याच प्रयोगशाळेने काढली होती. शेतमालाला, विशेषतः मक्याच्या स्टार्चला नवे उपयोग शोधणं हे तिचं काम. १९७०च्या दशकात जॉर्ज फॅन्टा, विल्यम डोएन, एडवर्ड बॅगली आणि मेरी ऑलिडीन वीव्हर यांनी स्टार्चच्या रेणूवर कृत्रिम बहुवारिकाची कलमं केली आणि शेकडो पट पाणी पिणारा पदार्थ मिळाला. त्याचं नाव पडलं ‘सुपर स्लर्पर’. बियाण्यावर लेप देण्यासाठी, रोपांच्या मुळांसाठी तो वापरून झाला, पण कारखानदारीने त्याची पुढची पिढी उचलली ती बाळांच्या लंगोटांसाठी. तिथे स्टार्च गळून पडला आणि निव्वळ सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट उरलं. वापरलेल्या डायपरमधलं जेल कुंडीत घाला, असा सल्ला हल्ली हातोहाती फिरतो. तो ऐकू नये. त्यातलं सोडियम मातीची घडण बिघडवतं. शेतीसाठीच्या जेलमध्ये सोडियमऐवजी पोटॅशियम असतं ते याचसाठी.

आपल्याकडे डॉ. अनुपमा सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुशाच्या कृषी रसायन विभागात हे काम हाती घेतलं, तेव्हा समोर वेगळीच अडचण होती. थंड हवेच्या देशांत बनलेली जेलं आपल्या तापलेल्या मातीत आणि खारट पाण्यात मान टाकत. त्यांनी सेल्युलोजच्या कण्यावर अ‍ॅक्रिलेटची कलमं केली, आणि हाती आलेला पदार्थ ४० ते ५० अंश सेल्सिअसला सर्वांत चांगला फुगतो. उन्हाळ्यात आपल्या मातीचा वरचा थर या तापमानाला सहज जातो. २०१२च्या सुमारास तो बाजारात आला. परदेशी जेलं जिथे जास्त मात्रेत टाकावी लागत, तिथे हेक्टरी अडीच-पाच किलोंवर काम भागवणं ही त्यातली खरी कामगिरी आहे. किलोला हजाराच्या पुढे दाम मोजणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्यासाठी मात्रा हाच निर्णायक मुद्दा असतो.

एक प्रश्न मात्र उरतो, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत मोठा आहे. पाणी देऊन झाल्यावर या दाण्यांचं काय होतं?

सेल्युलोज, स्टार्च, पेक्टिन ही वनस्पतींनी बनवलेली साखळी. तिच्या सांध्यांवर मातीतल्या बुरश्या आणि जिवाणूंची विकरं नेमका घाव घालतात. कोट्यवधी वर्षं त्यांचं तेच काम आहे. पॉलिअ‍ॅक्रिलेटचा कणा मात्र कार्बनला कार्बन जोडून झालेला असतो, आणि तो मोडायची हत्यारं सूक्ष्मजीवांपाशी जवळजवळ नाहीतच. मातीत मोजणी झाली तेव्हा असं जेल वर्षाला एक टक्काही विघटित झालेलं आढळलं नाही. कलम केलेल्या जेलचं झालंच तर अर्धंमुर्धं होतं: स्टार्चचा किंवा सेल्युलोजचा भाग खाल्ला जातो, कृत्रिम फांद्या राहतात. पॉलिअ‍ॅक्रिलमाइडच्या जेलमध्ये आणखी एक धोका, न जुळलेलं अ‍ॅक्रिलमाइड मागे राहिलं तर ते मज्जासंस्थेला विषारी आहे. दरवर्षी पाच किलो ही मात्रा किरकोळ वाटते खरी. पण मल्चिंगचा कागद आधी किरकोळच वाटला होता, आणि आज बांधाबांधावर त्याच्या चिंध्या उडताना दिसतात. निदान तो डोळ्यांना दिसतो आणि वेचता तरी येतो. युरोपीय संघाने २०१९च्या खतविषयक नियमावलीत पाणी धरणाऱ्या बहुवारिकांना विघटनशीलतेची अट घातली आहे. आपल्याकडेही अशी अट हवी, असं मला ठामपणे वाटतं.

पूर्ण विघटनशील जेलचे प्रयत्न दोन दिशांनी चालले आहेत. इटलीत लेच्चे इथल्या विद्यापीठात अलेस्सांद्रो सान्निनो यांच्या गटाने सेल्युलोजची दोन रूपं सायट्रिक अ‍ॅसिडने, म्हणजे लिंबातल्याच आम्लाने, एकमेकांना बांधली आणि ते जेल टोमॅटोवर वापरून पाहिलं. दुसरी वाट आपल्या जवळची आहे. राजस्थानातल्या राजसमंद जिल्ह्यातल्या शेतकरी घरातला नारायणलाल गुर्जर हा तरुण शाळेत असल्यापासून वडिलांच्या शेतातल्या पाणीटंचाईवर उपाय शोधत होता. उदयपूरच्या महाराणा प्रताप कृषी विद्यापीठात शिकताना त्याने संत्र्याच्या आणि केळीच्या सालींपासून जेल बनवायची पद्धत बसवली. पुढे जपानमधल्या ओकिनावाच्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेने नवउद्योगांच्या योजनेत त्याला जागा दिली आणि ‘ईएफ पॉलिमर’ कंपनी उभी राहिली. तिच्या मालाचं भारतातलं नाव ‘फसल अमृत’.

सालीतलं पेक्टिन म्हणजे मुरंब्याला घट्टपणा देणारा पदार्थ. त्याची साखळी बांधून घेतली की तेही पाणी धरतं, पण कृत्रिम जेलइतकं नाही. वजनाच्या पन्नास ते शंभर पटींची भाषा इथे असते. कंपनीच्या म्हणण्यानुसार ते सहा महिने काम करतं आणि वर्षभरात मातीत मिसळून जातं. काही जण हे आकडे पाहून नाक मुरडतात. मला मात्र त्यात शहाणपण दिसतं. सोयाबीन शंभर-सव्वाशे दिवसांत निघतं. ज्याचं काम पहिल्या महिन्यात संपतं, त्याने दहा वर्षं जमिनीत टिकून करायचं काय? वस्तूचं आयुष्य पिकाच्या आयुष्याला जुळवून घेणं ही उणीव मानायचं कारण नाही. शिवाय कच्चा माल आपल्या दारात आहे. वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात फळगळीने संत्र्यांचा सडा पडतो, तेव्हा तो उचलून टाकण्याचाच खर्च बागायतदाराला येतो. त्या सालीतही पेक्टिन असतं. विदर्भात यावर कारखाना का निघू नये?

महाराष्ट्रात जेलची जागा कुठे, हे जमिनीच्या प्रतीवरून ठरवावं लागेल. भारी काळ्या रानाला त्याची गरज सर्वांत कमी. तिथली चिकणमाती स्वतःच फुगते आणि पावसाळ्याची ओल पोटात धरते. त्या ओलीवर रब्बी ज्वारी पिकते. हे तंत्र शास्त्रशुद्ध करायचं काम व्ही. ए. ताम्हाणे यांनी १९२३ साली पुण्याजवळ मांजरीला सुरू केलं आणि १९३३पासून सोलापूरच्या केंद्राने ते पुढे नेलं. बांधबंदिस्ती, खोल नांगरट, विरळ पेरणी, वेळेवर कोळपणी ही त्यातली सूत्रं आजही जेलपेक्षा जास्त पाणी वाचवतात. उसात पाचट न जाळता पसरणं, सोयाबीन रुंद सरी-वरंब्यावर घेणं, शेणखत घालणं, हे सगळं आधी. मुंबईच्या यूपीएल कंपनीचं स्टार्चवर आधारलेलं ‘झेबा’ उसाच्या पट्ट्यात विकलं जातं. पण पाचट पेटवून देऊन वर जेल विकत घेणं हा उलटा व्यवहार झाला.

हलक्या, मुरमाड जमिनीत जेलला खरा वाव आहे, कारण तिथे पाणी थांबतच नाही. सीताफळाचे, डाळिंबाचे खड्डे, मिरची-टोमॅटोची लावण, रोपवाटिकेतले ट्रे, ही त्याची ठिकाणं. कोकणातही आहे. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही जांभ्यावर लावलेलं काजूचं कलम पहिल्याच उन्हाळ्यात पाण्यावाचून जातं, कारण कातळातून पाणी निघून जायला वेळ लागत नाही आणि डोंगरावर घागरी नेणारी माणसं मिळत नाहीत. खड्ड्यात चार ग्रॅम जेल टाकल्याने पाणी घालणं बंद होणार नाही. दोन पाळ्यांमधलं अंतर वाढेल, आणि एवढ्यानेही कलम वाचू शकतं.

विकत घेताना तीन गोष्टी विचाराव्यात: यात सोडियम आहे की पोटॅशियम, कणा कशाचा आहे, आणि मातीत किती काळात विघटन होतं याची चाचणी कोणी केली. उत्तरं टाळली जात असतील तर पिशवी परत ठेवावी. घेतलंच तर पहिल्या वर्षी सगळ्या रानात टाकू नये. आठ तास जेलचे, लगतचे आठ तास बिगरजेलचे, बियाणं आणि खत तेच. पावसाचा खंड पडला की पेरणीनंतर दहाव्या-बाराव्या दिवशी दोन्हीकडे मीटरमागे रोपं मोजावीत. ही मोजणी काढणीवर ढकलू नये, कारण तोवर उताऱ्यात कीड, तण, परतीचा पाऊस अशी इतकी कारणं मिसळलेली असतात की जेलचा वाटा वेगळा काढता येत नाही.