गोठ्यातली वार्ता

दिवाळीच्या पाडव्याला पेडणे-डिचोलीच्या गावांतून गुरांची पूजा होते. ज्या जनावराला आपण ओवाळतो, ते आजारी पडले की ती वार्ता मात्र दडवावी, असे पुष्कळांना वाटते. दूध कोणी घेणार नाही, गुराला गिऱ्हाईक मिळणार नाही, ही धास्ती अगदीच निराधार नव्हे. तथापि वार्ता दडविल्याने रोग दडत नाही, हे आम्हांस वाचकांपुढे मांडावेसे वाटते.

बुळकांडीचा इतिहास याची साक्ष देतो. या रोगाने एकेकाळी गोठेच्या गोठे रिकामे केले. गुरांच्या रोगांच्या अभ्यासासाठी १८८९ मध्ये पुण्यास प्रयोगशाळा निघाली. तीच आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था. १९५४ पासून देशभर लस टोचण्याची मोहीम चालली. परंतु केवळ लशीने भागले नाही. रोग कोठे उरला आहे, हे गावोगाव शोधावे लागले. १९९५ नंतर भारतात बुळकांडी आढळली नाही, तरी ती खरोखर गेली हे सिद्ध करण्यास आणखी कित्येक वर्षांची पाहणी लागली. २००६ मध्ये भारत आणि २०११ मध्ये अवघे जग बुळकांडीमुक्त ठरले. देवीनंतर पृथ्वीवरून नाहीसा झालेला हा दुसराच रोग होय.

आज पाळी आहे लाळ्या-खुरकुताची. २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात गुरांच्या कानाला बारा आकडी बिल्ला लावून लशीची नोंद ठेवतात. शाळेच्या पटावर जसे मुलाचे नाव, तसाच हा बिल्ला. २००९ च्या कायद्यानुसार, नेमून दिलेल्या सांसर्गिक रोगांपैकी एखाद्याचा संशय येताच मालकाने ग्रामपंचायतीस अथवा गावच्या अधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. तेथून वार्ता पशुवैद्याकडे आणि पुढे तालुका, जिल्हा, राज्य करीत दिल्लीस पोहोचते.

आमच्या सीमाभागास याची निकड अधिक. पेडण्यास लागून सावंतवाडी, डिचोलीस लागून दोडामार्ग. पत्रादेवीच्या नाक्यावर गाड्या थांबतात, रोग थांबत नाही. लाळ्याचे विषाणू वैरणीतून, कपड्यांवरून, चाकांवरूनही जातात. लम्पी तर माश्या-डासांबरोबर पसरतो. २०१९ साली ओडिशात प्रथम आढळलेल्या लम्पीने २०२२ मध्ये राजस्थान-गुजरातेत हाहाकार माजविला. अलीकडची वार्ता वेळेवर कळली, तरच पलीकडचे गोठे वाचतात.

तेव्हा तोंडातून लाळ गळणे, लंगडणे, अंगावर गाठी उठणे, यांपैकी काहीही दिसताच जनावर वेगळे बांधावे. सामाईक कुरणात किंवा तळ्यावर नेऊ नये. बिल्ल्यांचे क्रमांक घरच्या शाळकरी मुलांकडून वहीत लिहवून ठेवावेत. आणि पशुवैद्यास निरोप त्याच दिवशी धाडावा; तो उद्यावर टाकू नये.