कोपऱ्यावरचा जुना गडी

दिंडोरी तालुक्यात द्राक्षाची बाग जशी कोणाला नवी नाही, तसे कबड्डीचे मैदानही नवे नाही. गावचा संघ निवडायची वेळ आली की पारावर एक वाद हटकून निघतो. समजा, संघात ३६ वर्षांचा एक गडी आहे. गेली १५ वर्षे तो उजवा कोपरा सांभाळतो आहे. आता त्याचा गुडघा दुखतो आणि उत्तरार्धात दम लागतो. बाहेर १९ वर्षांचा एक पोरगा दोन वर्षे बदली म्हणून बसून आहे. कोणी म्हणतं, "दादांनी गावाचं नाव केलं, त्यांना काढायचं कसं?" दुसरा म्हणतो, "पाय चालत नाहीत, मग ठेवायचं कशाला?"

दोघांचेही बोलणे खोटे नाही. पण दोघेही माणसाविषयी बोलतात, कोपऱ्याविषयी कोणीच बोलत नाही. तेव्हा आधी कोपऱ्याचे काम काय असते ते पाहू.

पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदानरेषा आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. सात गडी बचावाला उभे राहतात, तेव्हा दोन टोकांना दोन कोपरे असतात आणि मधले गडी हातात हात घालून साखळी धरतात. चढाई करणारा बोनससाठी पाय लांबवतो किंवा परत फिरण्यासाठी वळतो, तो क्षण कोपऱ्याचा. त्याच वेळी घोटा धरायचा आणि साखळी अंगावर येऊन पडेपर्यंत सोडायचा नाही. कोपरा क्षणभर आधी गेला तर स्वतः बाद होतो आणि बाजू उघडी पडते. क्षणभर उशीर झाला तर चढाईवाला मध्यरेषा गाठतो. शिवाय चढाईवाला कोणत्या पायावर भार देतो आहे, हे कोपऱ्याला कडेने नीट दिसते. म्हणून साखळीने केव्हा उठायचे याची खूणही पुष्कळदा तोच करतो.

आता वय वाढले की यातले काय जाते आणि काय राहते? तिशी ओलांडल्यावर पायातली झेप हळूहळू कमी होते. झटक्यात बसणे, झटक्यात उठणे जड जाते. मुख्य म्हणजे थकलेले अंग पूर्ववत व्हायला अधिक वेळ लागतो. एका संध्याकाळी दोन सामने खेळावे लागले तर दुसऱ्यात ते लगेच दिसते. मातीवर वाढलेल्या गड्याला मॅटवर आणखी त्रास, कारण मॅटवर बूट घट्ट धरतो, खेळ वेगाने होतो आणि वळताना गुडघ्याला पीळ बसतो. पण नजर मात्र राहते. हजार चढाया पाहिलेल्या माणसाला समोरच्याचा खांदा कलला की पुढे काय होणार ते कळते. नव्या पोराची झेप मोठी असते, पण ती कुठे टाकायची हे त्याला अजून कळायचे असते.

या बाबतीत मोठ्या संघांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे थोर उदाहरण दिले जाते ते प्रा. दि. ब. देवधरांचे. १८९२ साली जन्मलेल्या देवधरांनी महाराष्ट्राचे नेतृत्व करून १९३९-४० आणि १९४०-४१ अशी सलग दोन वर्षे रणजी करंडक जिंकला, आणि वयाच्या ४८व्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या. उदाहरण खरोखर मोठे आहे. पण फलंदाजाच्या अंगावर कोणी धावून येत नाही. कबड्डीत ८० किलोचा गडी तुमच्या हातातून पाय सोडवायला सारे बळ लावतो. तेव्हा देवधर खेळले म्हणून आमचे दादाही खेळतील, असा हिशेब करता येत नाही.

कबड्डीतलेच उदाहरण घेऊ. प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाली. तिच्या पहिल्या पाच हंगामांत मुंबईच्या संघाचे कर्णधार होते अनुप कुमार. त्यांच्याच नेतृत्वाखाली २०१५ साली मुंबईने अजिंक्यपद मिळवले आणि २०१६ साली भारताने विश्वचषक जिंकला. २०१८च्या हंगामाआधी मुंबईने त्यांना सोडले, तेव्हा त्यांचे वय ३४ होते. ते जयपूरकडून खेळले आणि त्याच वर्षी डिसेंबरात निवृत्त झाले. त्यांचे काम चढाईचे. मुंबईने ते काम सिद्धार्थ देसाई या कोल्हापूर जिल्ह्यातल्या तरुणाकडे दिले. त्याने त्या पहिल्याच हंगामात चढाईचे २००हून अधिक गुण मिळवले.

मात्र त्याच वर्षी त्याच मुंबईच्या संघाने बचावासाठी धर्मराज चेरलाथन यांना घेतले. तामिळनाडूचा हा गडी १९७५ साली जन्मलेला, म्हणजे तेव्हा ४३ वर्षांचा! २०१६ साली पाटण्याच्या संघाने त्यांच्याच नेतृत्वाखाली लीग जिंकली होती, आणि २०१७ साली ते पुण्याकडून खेळले होते. ३४ वर्षांचा चढाईवाला गेला आणि ४३ वर्षांचा बचावाचा गडी आला. संघचालकांच्या मनात काय होते ते बाजूला ठेवू, पण वयाचा आकडा एकटा काही ठरवत नाही एवढे यावरून दिसते. ज्या कामात नजर आणि जागा धरणे महत्त्वाचे, तिथे माणूस अधिक वर्षे उपयोगी पडतो. आणि हेही ध्यानात घ्या की चेरलाथन २०१९ साली हरियाणाच्या संघात होते. म्हणजे त्यांना कोणी कायमचा पट्टा लिहून दिला नव्हता, दरवर्षी नव्याने पाहिले जात होते.

मग गावात हे पाहायचे कसे? येथे शाळेतल्या शिक्षकांचा फार उपयोग होईल. सामना २०-२० मिनिटांच्या दोन डावांचा, चढाई ३० सेकंदांची. म्हणजे एका संघाला सुमारे ४० वेळा बचाव करावा लागतो. एक वही करावी. जुना गडी कोपऱ्यावर असताना त्याने किती पकडी केल्या, किती फसल्या, हे पूर्वार्धाचे वेगळे आणि उत्तरार्धाचे वेगळे लिहावे. शेवटच्या दहा चढायांवर विशेष लक्ष ठेवावे, कारण थकवा तिथे उघड होतो. दुसरा रकाना, चढाईवाले त्याची बाजू टाळतात की तिकडेच येतात? टाळत असतील तर तो पकड न करताही गुण वाचवतो आहे. तिसरा रकाना, तो बाहेर असताना साखळी कशी खेळते? चार-पाच सामन्यांची अशी नोंद झाली की पारावरचा निम्मा वाद आपोआप मिटतो. सात मुलांचा खेळ टिपून काढायला वर्गातली दोन हुशार मुलेसुद्धा पुरतात, आणि त्यांचे गणितही सुधारते!

नोंदीवरून बहुधा असे दिसेल की पूर्वार्धात दादा अजून उत्तम आहेत आणि उत्तरार्धात उणे पडतात. तसे असेल तर त्यांना ठेवावे, पण पूर्ण सामन्यासाठी नव्हे. बदलीसाठी पाच गडी असतातच. पहिला डाव दादांचा, दुसरा पोराचा, आणि शेवटी तीन गडी उरून पकडीला जादा गुणाची संधी आली की नजरबाज दादा पुन्हा आत. सरावात मात्र पोराला त्यांच्या शेजारीच उभे करावे. नव्या गोऱ्ह्याला औताची सवय लावताना आपण त्याला जाणत्या बैलाबरोबरच जुंपतो, होय ना? पण त्या वेळी जाणत्या बैलावर सगळा भार टाकत नाही.

आणि नोंद जर सांगत असेल की पहिल्या डावातही पकडी सुटताहेत, तर थांबवावे. येथे भीड धरणे म्हणजे त्या माणसाचेच नुकसान करणे होय. गुडघ्यातला अस्थिबंध तुटला तर महिनोन्महिने बसावे लागते. ऑक्टोबरची छाटणी, मग विरळणी, पुढे काढणी, यांतले काही गुडघ्यावाचून होत नाही. संघाची एक ढाल आणि घरचा एक हंगाम यांत घरच्यांना काय हवे ते विचारायला नको. तिकडे बाहेर बसलेला पोरगाही अखेर कंटाळतो. तो दुसऱ्या गावाच्या संघात जातो किंवा खेळच सोडतो. मग पुढच्या वर्षी कोपरा रिकामाच.

शेवटी एक रीत सांभाळावी. हा निर्णय सामन्याच्या सकाळी, नावे वाचून दाखवताना कळवू नये. हंगामाच्या आरंभी दोन वडीलधाऱ्यांनी दादांच्या घरी जावे, वही पुढे ठेवावी आणि सांगावे, "दादा, यंदा पहिला डाव तुमचा आणि पोरगा तुमच्या हाताखाली. पुढच्या वर्षी पुन्हा बसून बघू." १५ वर्षे कोपरा धरलेल्या माणसाला आपला दम कुठे संपतो हे आपल्याआधी ठाऊक असते. पुष्कळदा तोच म्हणेल, "मी हे केव्हाच सांगणार होतो."