जॅझचा श्रोता आणि त्याचा ध्वनिसंग्रह

वर्ध्यासारख्या गावी जॅझ संगीत पोहोचले ते जॅझ या नावाने पोहोचले नाही. १९५१ साली 'अलबेला' हा चित्रपट आला आणि त्यातील गाण्यांच्या तबकड्या गावोगाव वाजू लागल्या. त्या गाण्यांचे संगीतकार सी. रामचंद्र हे पुणतांब्यास जन्मलेले व काही काळ नागपुरास शंकरराव सप्रे यांच्यापाशी शिकलेले. विदर्भाला ते परके नव्हते. त्याच चित्रपटात पडद्यावर आपल्या वाद्यवृंदासह दिसणारे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट हे गोव्यातील हळदोणे गावचे आंतोनियो झेवियर वाझ होत. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजविणाऱ्या मंडळींत ते अग्रगण्य होते, आणि लुई आर्मस्ट्राँग या थोर अमेरिकन वादकाशी त्यांची तुलना केली जाई. परंतु तबकडीच्या लेबलावर चित्रपटाचे, गायकांचे आणि संगीतकाराचे नाव एवढेच सामान्यतः छापलेले असे. दोन कडव्यांमधील जागेत ट्रंपेट कोणी फुंकली हे सांगण्याची प्रथा नव्हती. श्रोत्याने जॅझचा ध्वनी ऐकला. त्या ध्वनीचे नाव त्यास कळले नाही आणि वाजविणाऱ्याचेही कळले नाही.

जॅझच्या श्रोत्याची पुढील वाटचाल ही बहुतांशी या नावांच्या शोधाची वाटचाल असते. आरंभी तो चालीवर लुब्ध होतो. एखादी लकेर कानात बसते, ती पुन्हा ऐकावीशी वाटते, म्हणून तो तबकडी विकत घेतो. या टप्प्यावर त्याचा संग्रह हा गाण्यांचा संग्रह असतो. कालांतराने एकच गाणे दोन निरनिराळ्या वादकांनी वाजविलेले त्याच्या कानी पडते आणि त्याची श्रवणाची रीत पालटते. जॅझमध्ये मूळ चाल ही पुष्कळदा केवळ निमित्तमात्र असते. बहुधा बत्तीस मात्राखंडांच्या एखाद्या लोकप्रिय गीताचा स्वरमेळांचा क्रम तेवढा वादक कायम ठेवतो, आणि तो क्रम आवर्तनासारखा पुनःपुन्हा फिरत असता त्यावर तत्क्षणी सुचेल ती नवी चाल रचीत जातो. आपल्याकडील ख्यालाशी याची तुलना करण्याचा मोह सहज होतो. बंदिश थोडी आणि विस्तार फार, हे साम्य खरेच आहे. तथापि ख्यालगायकाला बांधून ठेवणारी गोष्ट राग ही होय, तर जॅझवादकाला बांधून ठेवणारी गोष्ट स्वरमेळांचा क्रम ही होय, आणि असा क्रम रागसंगीतात मुळीच नाही. मराठी श्रोत्याला जॅझ प्रथम विस्कळीत वाटते याचे एक कारण हेच असावे: ज्या चौकटीत वादक खेळत असतो ती चौकट ऐकण्याची त्याच्या कानाला सवय नसते.

कोलमन हॉकिन्स या सॅक्सोफोनवादकाने ११ ऑक्टोबर १९३९ रोजी न्यूयॉर्क येथे 'बॉडी अँड सोल' या गीताची तबकडी मुद्रित केली. सुमारे तीन मिनिटांच्या या वादनात मूळ चाल आरंभीच्या काही मात्राखंडांत ओझरती दिसते आणि मग जवळजवळ लोपते. असे असूनही ती तबकडी भरपूर खपली. गीत ठाऊक असलेल्या सामान्य ग्राहकानेही गीताऐवजी वादकाला विकत घेतले, असा याचा अर्थ होतो. या अनुभवानंतर श्रोत्याची कपाटातील मांडणी बदलते. गाण्यांच्या नावांवरून लावलेल्या तबकड्या तो वादकांच्या नावांवरून लावू लागतो.

वर्ध्यात राहून ही मजल गाठणे सोपे नव्हते. लिऑन ॲबी या निग्रो वादकाचा वाद्यवृंद १९३५ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आले. टेडी वेदरफोर्ड हे पियानोवादक मुंबईत वाजवून पुढे कलकत्त्यास स्थायिक झाले आणि १९४५ साली तेथेच वारले. मुंबई-कलकत्ता लोहमार्ग नागपूरवरून जातो व वर्धा त्याच मार्गावर आहे. परंतु जी मंडळी हॉटेलांच्या नृत्यगृहांसाठी वाजवीत, त्यांना वर्ध्यास उतरण्याचे काही कारण नव्हते. त्या काळी वर्ध्याचे नाव सेवाग्रामच्या प्रार्थनेशी जोडलेले होते, सॅक्सोफोनशी नव्हे.

जिल्ह्याच्या गावातील जिज्ञासूला खरा आधार मिळाला तो आकाशवाणीच्या लघुलहरींचा. १९५५ सालापासून 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या केंद्रावरून विलिस कॉनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रम प्रक्षेपित होऊ लागला. कॉनोव्हर अत्यंत सावकाश आणि सोप्या इंग्रजीत बोलत आणि वादकांची नावे स्पष्ट उच्चारीत. ज्याच्यापाशी तबकडी घेण्यास पैसा नाही, किंवा असूनही ती मिळण्याचे दुकान नाही, अशा श्रोत्याला वादकांची नावे, गीताचे नाव आणि वादनाचा क्रम वहीत उतरून घेता येत असे. असा संग्रह ध्वनीचा नव्हे तर ऐकल्याचा संग्रह म्हणावा लागेल. पुढे प्रत्यक्ष तबकडी हाती येई तेव्हा कानापूर्वी ती वहीशी ताडून पाहिली जाई. मुंबईत तर निरंजन झवेरी यांनी १९५२ साली 'ब्लू ऱ्हिदम' हे जॅझला वाहिलेले नियतकालिक काढले होते आणि पुढे १९७८ साली त्यांच्याच पुढाकाराने 'जॅझ यात्रा' हा महोत्सव भरला. पण मुद्रित अंक व महोत्सव यांचा लाभ मुख्यतः महानगरातील श्रोत्याला.

वादकापर्यंत पोहोचलेला श्रोता तेथेच थांबत नाही, आणि येथून पुढचा भाग भाषेच्या अभ्यासकाला विशेष परिचयाचा वाटावा. एकाच दिवशी, एकाच खोलीत, त्याच वादकांनी तेच गीत दोनदा किंवा तीनदा वाजविलेले असते. त्यांपैकी एक वादन कंपनी पसंत करते. उरलेली, नष्ट न झाली तर, वर्षानुवर्षे पडून राहतात व केव्हातरी प्रसिद्ध होतात. चित्रपटसृष्टीत रूढ झालेला 'टेक' हा शब्द येथेही तसाच वापरतात. तबकडीच्या लेबलाभोवती जे मोकळे कडे असते त्यात एक आकडा कोरलेला असतो आणि कित्येक कंपन्यांच्या तबकड्यांवर त्याच्या शेवटच्या अंकावरून टेक कितवा ते ओळखता येते. संग्राहक दिव्यापाशी तबकडी तिरपी धरून हा आकडा वाचतो. बाहेरच्या माणसाला हा निव्वळ छांदिष्टपणा वाटतो. वस्तुतः हे पाठभेदांचे काम आहे. शार्ल दलोने यांनी १९३६ साली पॅरिस येथे जॅझच्या तबकड्यांची सूची प्रसिद्ध केली तेव्हा वादक, स्थळ, दिनांक व मुद्रणक्रमांक या नोंदींना तीत जे महत्त्व मिळाले, तेच हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूचीत लेखक, लेखनस्थळ व शक यांना असते.

मात्र हे साम्य एका ठिकाणी तुटते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या कालावधीत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली ती उपलब्ध पोथ्यांच्या मागे असलेल्या प्राचीनतम पाठाकडे जाण्यासाठी. जॅझच्या दोन टेकांमागे असा मूलपाठ नसतो. दुसरा टेक हा पहिल्याची भ्रष्ट प्रत नव्हे आणि पहिला हा दुसऱ्याचा कच्चा खर्डाही नव्हे. दोन्ही आपापल्या जागी मूळच. या दृष्टीने टेकांचे नाते पोथीपेक्षा जात्यावरच्या ओवीशी जवळचे आहे. मिल्मन पॅरी यांनी १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियातील निरक्षर गाथागायकांचे गायन ॲल्युमिनियमच्या तबकड्यांवर उतरून घेतले, आणि त्या सामग्रीच्या आधारे आल्बर्ट लॉर्ड यांनी १९६० साली दाखवून दिले की, अशा परंपरेत प्रत्येक गायन ही नवी रचना असते. जॅझचा संग्राहक त्याच निष्कर्षाप्रत निव्वळ ऐकून येतो. दोन टेक शेजारी ठेवून ऐकले म्हणजे कोणते वाक्यखंड वादकाच्या हातात बसलेले आहेत आणि कोणते त्या क्षणी सुचले, हे ध्यानात येते. एकाच तबकडीवरून ते कधीही कळले नसते.

म्हणूनच एखादे वादन मुद्रितच न होणे ही येथे मोठी हानी ठरते. जुनी तबकडी लाखेची असे. ही लाख पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरील किड्यांपासून मिळते व तिचा मुख्य पुरवठा भारतातून होई. विदर्भातील रानांत ज्याचा फुलोरा माळ पेटवितो त्या पळसाचा न्यूयॉर्कच्या तबकडीशी असा संबंध होता. महायुद्धात हा पुरवठा अडला आणि १९४२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठी होणारा लाखेचा वापर सत्तर टक्क्यांनी कमी करविला. जुनी तबकडी परत दिल्यावाचून नवी मिळेना. किती जुन्या मुद्रिका अशा वितळल्या असतील! लगोलग १ ऑगस्ट १९४२ पासून तेथील वादकसंघाने मुद्रणावर बहिष्कार घातला. तो दोन मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत टिकला. नेमक्या याच काळात बीबॉप ही नवी वादनशैली आकाराला येत होती. तिची बाल्यावस्था तबकडीवर जवळजवळ नाही.

जे थोडे उरले ते हौशी माणसांमुळे उरले. जेरी न्यूमन या विद्यार्थ्याने १९४१ साली हार्लेममधील मिंटन्स या ठिकाणी यंत्र नेऊन रात्रीच्या बैठका मुद्रित केल्या. गिटारवादक चार्ली ख्रिश्चन यांचे तेथील वादन त्यामुळे ऐकता येते. डीन बेनेडेट्टी हा तर याहून विलक्षण. १९४७–४८ मध्ये तो चार्ली पार्कर यांच्यामागे यंत्र घेऊन हिंडला, आणि पार्कर वाजवीत असतील तेवढाच वेळ यंत्र चालू ठेवून इतरांची पाळी आली की ते बंद करी. ही सामग्री १९९० साली प्रसिद्ध झाली. वादकाच्या पूजेची ही परिसीमा होय. पण पार्कर ज्यांना उत्तर देत होते त्यांचे बोलणेच कापले गेल्याने ते संवादाचे एकाच बाजूचे टिपण झाले आहे.

नंतरच्या साधनांविषयी थोडक्यात सांगता येईल. १९४८ साली दीर्घवादन तबकडी आली, एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक वादन मावू लागले आणि तीन मिनिटांत सारे बोलून टाकण्याची सक्ती संपली. कॅसेटने संग्रह स्वस्त केला. सीडीवर एकाच गीताचे तीन-चार टेक सलग देण्याची चाल पडली. अभ्यासकाला ती सोयीची, पण सामान्य श्रोत्याची रसिकता मारणारी. आता दूरध्वनीवरच सर्व काही ऐकता येते. वर्ध्याचा तरुण मुंबईच्या तरुणाइतकेच ऐकू शकतो, ही मोठीच गोष्ट आहे. परंतु वादकांची यादी, स्थळ व दिनांक हे पुष्कळदा त्या ध्वनीबरोबर येत नाहीत. लेबल पुन्हा मुके झाले आहे.

अमेरिकन वादकांच्या बाबतीत याने फारसे बिघडत नाही, कारण सूच्या तयार आहेत. मुंबईतील गोमंतकीय वादकांची गोष्ट निराळी. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकलेले हे वादक रात्री हॉटेलात जॅझ व दिवसा चित्रपटांसाठी वाजवीत. ग्रेगरी बूथ यांचा २००८ सालचा चित्रपटवादकांवरील ग्रंथ आणि नरेश फर्नांडिस यांचा मुंबईच्या जॅझवरील २०१२ सालचा ग्रंथ हे दोन्ही बव्हंशी वृद्ध वादकांच्या आठवणींवर उभे आहेत, कारण लेबलांवर त्यांना विचारण्यासारखे फारसे काही नव्हतेच. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या ध्वनिमुद्रिका-संग्राहकांच्या संस्थेने, सुरेश चांदवणकर प्रभृतींच्या परिश्रमाने, भारतीय तबकड्यांच्या नोंदींचे काम हाती घेतले. त्या नोंदी गायकापर्यंत पोहोचतात, पण मधल्या ट्रंपेटपर्यंत पोहोचण्यास कानच हवा.

असा कान ज्याने चाळीस वर्षांत घडविला त्या संग्राहकाच्या पश्चात बहुधा तबकड्या विकल्या जातात आणि वह्या रद्दीत जातात. मूल्याचा क्रम खरे तर उलटा आहे. तबकडीची दुसरी प्रत कोठेतरी असते. 'येथे ट्रंपेट चिक चॉकलेट यांची, सॅक्सोफोन कोणाचा ते अनिश्चित' अशा नोंदीची दुसरी प्रत नसते. एखाद्या विद्यापीठीय ग्रंथालयाकडे असा संग्रह आला तर कोरलेले आकडे आणि लेबलावरील मजकूर जसाच्या तसा उतरून घ्यावा, वहीतील नोंदी स्वतंत्र रकान्यात ठेवाव्यात, आणि केवळ कानाने ओळखलेल्या नावापुढे प्रश्नचिन्ह घालावे. ते चिन्ह पुढे दुसऱ्या कोणाच्या कानाने खोडले जाईल किंवा पक्के होईल. त्यासाठी नाव आधी लिहिलेले मात्र असावयास हवे.